दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईच्या पाठीचा स्नायू 'झोपला' म्हणतात, हे कसं काय?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. आम्ही राळेगाव तालुक्यातले, कोरडवाहू कास्तकार, कपाशी अन् तूर. विचारायचं आहे ते घरच्या बाईचं. वय ३४, दोन लेकरं. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यापासून उजव्या बाजूनं कमरेच्या खाली, ते पाठीमागं खळी असते ना तिथं दुखायले लागलं, अन् लेकरू आता तीन वर्षाचं झालं तरी पुरतं गेलं नाही. मधात मधात थांबते, मग सोयाबीन सोंगायले गेली की पुन्हा धरते. कळ मांडीच्या मागं येते पण गुडघ्याच्या खाली उतरत नाही. चालणं जमते, पण रात्री बाजेवर कूस बदलली की चमक, एका पायावर उभं राहून कपडे घालायचे तं भिंत धरा लागते, अन् गाडीवरून उतरताना डोळ्यात पाणी.

इलाज सारे झाले. माळीश झाली, लेप झाला, गावातल्या दवाखान्यात सुया झाल्या, त्या सुईनं दोन दिवस बरं अन् तिसऱ्या दिवशी जैसे थे. एमआरआय काढला, त्यात कमरेच्या एल-४ एल-५ या मणक्यांच्या मधात गादी जराशी फुगली असं आलं. मग एक म्हणे ऑपरेशन करा, दुसरा म्हणे काही गरज नाही, पट्टा बांधा.

आता मागच्या आठवड्यात जिल्ह्याच्या गावी एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं. त्यायनं तिले पाठीवर झोपवलं अन् पाय सरळ ठेवून वीतभर उचल म्हणाल्या. डावा उचलला, उजवा काही केल्या उचलेना, म्हणे पायाले दगड बांधल्यासारखा वाटते. मग मॅडमनं दोन्ही हातानं दोन्हीकडून कुल्ले दाबून धरले अन् आता उचल म्हटलं, तं आलगद वर! मी उभाच होतो तिथं, मले तं जादूच वाटली. मॅडम म्हणाल्या मणक्याचं नाही, खालच्या सांध्याचं दुखणं आहे अन् त्या बाजूचे पाठीचे स्नायू झोपून आहेत.

आता मले सांगा, जी बाई सकाळी सातपासून वावरात वाकून राबते, गुंडभर पाणी कमरेवर आणते, ओटीत पाच-सहा किलो कापूस घेऊन फिरते, तिचा पाठीचा स्नायू झोपला कसा? झोपायले टाइम तरी भेटला का त्याले? अन् वेचनी सुरू आहे, ती बंद करा लागन का? मॅडमले एवढं विचारायची हिंमत नाही झाली, मागं वीस पेशंट बसले होते.

बंडी_बैल

भौ तुमच्या बाईचं हाड सरकलं आहे, बाकी काही नाही. आमच्या इकडं एक बुवा आहे, पायानं दाबून कटकन बसवतो, पैसे पन घेत नाही, नारळ फक्त. माह्या मामाचं एका फटक्यात बसलं होतं. मग पुन्हा सरकलं ती गोष्ट वेगळी.

फिजिओ_सेलू

मी वर्धा जिल्ह्यातली, बारा वर्षं हेच काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त वावरात काम करणाऱ्या बायाच असतात. न तपासता निदान करत नाही, पण दादा तुम्ही जे लिहिलं ते इतकं नेमकं लिहिलंय की तुमच्या मॅडमनी काय पाहिलं ते डोळ्यांसमोर आलं.

आधी सांधा कुठला ते. माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, त्रिकास्थी, ते दोन्ही बाजूंच्या कुल्ह्याच्या हाडांत पाचरीसारखं ठोकून बसवलेलं आहे. त्या डाव्या-उजव्या जागी जे दोन सांधे होतात ते सॅक्रोइलियाक, आम्ही आपले एसआय जॉइंट म्हणतो. हे गुडघ्यासारखे हलणारे नाहीत, दोन-चार अंश आणि एक-दोन मिलिमीटर, एवढीच त्यांची हालचाल. पण धडाचं सगळं वजन पायात उतरतं ते यांच्यातूनच.

आता बंडी. बंडीवर कडबा भरता तेव्हा पेंढ्या एकमेकींत बसतील अशा रचता, ही झाली एक मजबुती, आणि वरून दोर टाकून कचकचून आवळता, ही दुसरी. नुसत्या रचण्यावर भागत नाही, रस्त्यात पहिलाच खड्डा आला की भार एकीकडे. या सांध्याचंही तसंच आहे. हाडांचा आकार एकमेकांत बसणारा आहे ही पहिली, आणि स्नायूंनी ऐन वेळी आवळणं ही दुसरी. हे दोन भाग वेगळे करून मांडले ते हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या लोकांनी, १९९० च्या आसपास. दोर म्हणजे कोण? मणक्याला अगदी चिकटून असलेला छोटा स्नायू, मल्टिफिडस. पोटाचा सगळ्यात आतला पट्टा. खालून ओटीपोटाचे स्नायू. आणि कुल्ह्याचा मोठा स्नायू, जो कमरेवरच्या जाड पडद्यातून पलीकडच्या खांद्याखालच्या पाठीच्या स्नायूशी तिरपा जोडलेला असतो, उजवा कुल्हा आणि डावी पाठ, असा.

मॅडमनी कुल्हे दाबले तेव्हा त्यांचे हात त्या दोराच्या जागी होते, म्हणून पाय हलका झाला. ही तपासणीसुद्धा रॉटरडॅमचीच, बाळंतपणानंतर दुखणाऱ्या बायांसाठीच बसवलेली, पाय २० सेंटिमीटर उचलायचा आणि किती जड वाटतो ते ० ते ५ मध्ये सांगायचं. ताईंचं दुखणं गरोदरपणातच सुरू झालं हे तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, गरोदर बायांपैकी साधारण पाचातल्या एकीला हे दुखणं होतं, बहुतेकींचं बाळंतपणानंतर जातं, काहींचं राहतं.

'झोपला' हा शब्द मी वापरत नाही, त्यानं पेशंटला वाटतं आपण आळशी. तो स्नायू झोपलेला नसतो, उशिरा येतो. २००३ साली ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, सांध्याचं दुखणं असलेले १४ पुरुष आणि नसलेले १४. एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वर उचलायला लावला आणि कातडीवर तारा लावून कुठला स्नायू कधी जागा होतो ते मोजलं. न दुखणाऱ्यांत पोटाचा आतला तिरपा स्नायू आणि मल्टिफिडस पाय उचलायच्या आधीच कामाला लागलेले. दुखणाऱ्यांत, दुखऱ्या बाजूवर उभे असताना, हे दोन्ही आणि कुल्ह्याचा मोठा स्नायू सगळे उशिरा, आणि मांडीच्या मागचा स्नायू मात्र वेळेच्या आधी. म्हणजे बघा, एक रोजदार दहा वाजता वावरात आला, तोवर बाजूच्यानं त्याची अर्धी पात उरकून टाकली. उशिरा येणारा काम करत नाही असं नाही, पण बाजूचा थकतो ना. ताईंना मांडीच्या मागं ओढल्यासारखं वाटतं का? आणि एका पायावर उभं राहून कपडे घालता येत नाहीत, ही तीच परीक्षा ती रोज घरी देते.

बंडी_बैल भाऊ, हाड सरकतं आणि बसतं यावर एक शब्द. १९९८ मध्ये स्वीडनच्या लोकांनी १० पेशंटच्या हाडात बारीक गोळ्या बसवून खास एक्स-रेनं सांध्याची जागा मोजली, दाबून 'बसवायच्या' आधी आणि नंतर. जागा बदललीच नाही. हात लावून तपासणाऱ्यांना मात्र आता बसलं असं वाटत होतं. कटकन आवाजानं बरं वाटतं हे खरं, स्नायू थोडा वेळ सैल पडतो, पण हाड होतं तिथंच असतं. मामांचं पुन्हा 'सरकलं' त्याचं कारण हेच.

धुऱ्यावरचा

मॅडम लय लय आभार, असं कोनी सांगतलंच नव्हतं. बंडीचं तं डोक्यात फिट बसलं. मांडीच्या मागं ओढते म्हणे, हो. पण माह्या मूळ प्रश्नाचं अजून थोडं राह्यलं. उशिरा येतो हे समजलं. पण काम तं करते ना ती दिवसभर, मग त्या कामानंच तो मजबूत काहून नाही होत? पहिलवान रोज जोर काढते तं छाती होते. ही रोज वाकते तं पाठ व्हायले पाहिजे का नाही?

अन् त्या एमआरआयचं काय, गादी फुगली ते?

फिजिओ_सेलू

हा प्रश्न माझ्या सरांनी मला परीक्षेत विचारला असता तर मी नापास झाले असते, इतका चांगला आहे.

एक गंमत करून बघा, ज्यांची कंबर दुखत नाही त्यांनी. उभे राहा, दोन्ही हातांची बोटं कमरेत मणक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि हळूहळू पुढं वाका. सुरुवातीला बोटाखाली दोरखंडासारखे दोन कडक पट्टे उठतील. अजून वाका, पार खाली हात सोडून. एका ठिकाणी ते पट्टे मऊ पडतात, बंदच होतात. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. पूर्ण वाकल्यावर पाठीचे लांब स्नायू सुट्टी घेतात आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे मागच्या चिवट पट्ट्यांवर लटकतो. निंदताना, रोवणीत, सोयाबीन सोंगताना बाई तासन् तास याच अवस्थेत असते. आपण म्हणतो पाठीनं राबते, पण त्या वेळी पाठीचा स्नायू राबतच नाही, ती लटकलेली असते. मजबूत व्हायचा कशानं?

कापूस वेचायचं वेगळं, तिथं बोंडं गुडघ्यापासून छातीपर्यंत असतात म्हणून अर्धवट वाकणं होतं. तिथं लांब स्नायू चालू असतात, पण सतत, न सोडता. पहिलवान जोर काढतो तेव्हा आवळतो-सोडतो, आवळतो-सोडतो, मग खातो, मग झोपतो. दिवसभर न सोडता थोडंथोडं आवळून ठेवलेला स्नायू वाढत नाही, फक्त थकतो. आणि जुन्या दुखण्यात अजून एक भानगड, ज्यांची कंबर बरेच महिने दुखते त्यांच्यात पूर्ण वाकल्यावरसुद्धा हे लांब स्नायू बऱ्याचदा बंद होत नाहीत. जपायच्या नादात आवळूनच बसतात. म्हणून एकाच पाठीत बाहेरचा स्नायू दगडासारखा कडक आणि आतला छोटा सुकलेला असं दोन्ही सापडतं. माळीशवाला त्या कडक पट्ट्यालाच रगडतो आणि म्हणतो, नस चढली.

सुकण्याचं सांगते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात ज्युली हाइड्स म्हणून होत्या, त्यांनी १९९४ मध्ये सोनोग्राफीनं दाखवलं की एका बाजूची कंबर नुकतीच दुखायला लागलेल्यांचा मल्टिफिडस त्याच बाजूला, त्याच मणक्याजवळ लहान झालेला असतो. १९९६ मध्ये पुढचं दाखवलं, आणि मला विचाराल तर या सगळ्यात महत्त्वाचं तेच, की दुखणं बहुतेकांचं चार आठवड्यांत गेलं पण स्नायू आपोआप परत आला नाही, दहाव्या आठवड्यातही नाही. ज्यांना नेमका व्यायाम दिला त्यांचाच भरला. सुईनं दोन दिवस बरं वाटतं तेव्हा दुखणं गप्प होतं, स्नायू होता तसाच राहतो, आणि बरं वाटलं म्हणून बाई लगेच गाठोडं उचलते.

एमआरआय: गादी फुगलेली दिसणं म्हणजे डोक्यात पांढरा केस दिसणं. काही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन गोळा करून पाहिलंय, विशीतल्या ३० टक्क्यांत गादी फुगलेली निघते, ऐंशीच्या लोकांत ८४ टक्क्यांत. गुडघ्याखाली कळ नाही, बधिरपणा नाही, पायाची ताकद ठीक, तर त्या एका ओळीवर ऑपरेशनचं बोलू नये एवढंच म्हणेन.

साकोलीची_सून

मी भंडाऱ्याकडली. आमच्याकडं कापूस नाही, धान. रोवण्याच्या दिवसांत बांधीत पोटरीभर चिखलात उभं राहायचं आणि वाकून मागं मागं सरकत पऱ्हे लावायचे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मले डाव्या बाजूचं हेच होतं, अगदी हेच, मी एका बोटानं दाखवायची जागा, हाताच्या पंजानं नाही. फिजिओ म्हणाली होती की एका बोटानं नेमकी खळीपाशी जागा दाखवली की संशय त्या सांध्यावर जातो.

मी माझं सांगते काय केलं ते. पहिले तीन आठवडे तर मले वाटलं ही पोरगी टाइमपास करते. पोटावर झोपवून मणक्याच्या बाजूला बोट ठेवायची आणि म्हणायची, माझ्या बोटाखाली हळूच फुगव, ढुंगण आवळू नको, श्वास रोखू नको. काहीच होत नव्हतं! उजवीकडं फुगायचं, डावीकडं ढिम्म. मी म्हटलं बाई तुझ्या बोटाचाच दोष असन. मग एक दिवस उमजलं, एकदम बारीक, पापणी फडकावी एवढं. मग दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलायची. मग हात-गुडघे टेकून, जशी जमीन सारवतो तसं बसून, उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा. शेवटी शेवटी एका पायावर उभं राहून हातात पाण्याची बाटली घेऊन वर-खाली.

मी सारवतानाच करायची, कारण व्यायाम करते म्हटलं की सासू म्हणे कामाचा व्यायाम कमी पडते का हिले. तुमच्याच प्रश्नासारखं, दादा.

दोन महिने लागले कूस बदलायला, चार महिने लागले पुन्हा रोवणीला. मंग बंद केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा धरलं. आता सोडत नाही, आठवड्यात तीन दिवस तरी. बंद पडलं की मलेच कळते, जिना चढताना.

रेसिडेंट_नागपूर

हाडांच्या विभागात रेसिडेंट आहे. वरचं बरंचसं बरोबर आहे, पण थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

हाइड्स यांचा पुढचा अभ्यास लोक फार नाचवतात, २००१ चा, ज्यात व्यायाम केलेल्यांपैकी वर्षभरात ३० टक्क्यांना पुन्हा दुखलं आणि न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना. आकडा भारी आहे, पण सगळे मिळून ३९ पेशंट होते आणि सगळे आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेले. तीन वर्षं जुन्या दुखण्याला तोच आकडा लावता येत नाही. जुन्या कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, २९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर हा 'नेमका स्नायू जागा करायचा' व्यायाम बाकीच्या व्यायामांपेक्षा फार सरस निघाला नाही. म्हणजे व्यायामाचा फायदा आहे, पण बोटाखाली फुगवणं जमलं नाही म्हणून बाईनं स्वतःला दोष देऊ नये, चालणं आणि साधे ताकदीचे व्यायाम नेमानं केले तरी चालतं.

दुसरं, एका तपासणीवर एसआय जॉइंट ठरवायचा नाही. आम्ही सांध्यावर ताण देणाऱ्या पाच-सहा तपासण्या करतो, त्यातल्या तीन किंवा जास्त दुखल्या तर मग तो सांधा धरतो. जुन्या कंबरदुखीत या सांध्याचा वाटा साधारण १५ ते ३० टक्के, म्हणजे कमी नाही, पण प्रत्येक कंबर म्हणजे एसआय असंही नाही. मणक्याचे मागचे छोटे सांधे, फॅसेट, तेही कुल्ह्यापर्यंत दुखवतात, फक्त त्यांचं मागं वाकलं की जास्त.

फिजिओ_सेलू

रेसिडेंट दादा, राग कशाला. कॉक्रेनचं मान्य. माझा अनुभव एवढाच की ज्यांचा पाय कुल्हे दाबल्यावर हलका होतो त्यांना या आवळायच्या व्यायामांचा फायदा पटकन दिसतो, आणि ज्यांचा होत नाही किंवा दाबल्यावर उलट जास्त दुखतं त्यांना मी आवळायला शिकवतच नाही, त्या आधीच जास्त आवळून बसलेल्या असतात, त्यांना सोडायला शिकवावं लागतं. अनुभव हा पुरावा नाही, माहीत आहे.

धुऱ्यावरचे दादा, वेचणी बंद करू नका. काम थांबवलं की दोर अजून सैल. पण पद्धत बदला. १९९२ मध्ये कॅनडात मोजलं होतं, वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर मागचे पट्टे लांबून सैल पडतात, उभं राहिल्यावर निम्मं दोनेक मिनिटांत परत येतं आणि उरलेलं अर्ध्या तासानंतरही पूर्ण आलेलं नसतं. म्हणून वाकून काम झाल्या झाल्या गाठोडं उचलायचं नाही. आधी उभं राहायचं, पाणी प्यायचं, धुऱ्यापर्यंत जाऊन यायचं, मग उचला. पाणी प्यायला तरी उठतेच ना माणूस, मग आधी पाणी मग गाठोडं, क्रम बदलला की झालं. ओटी भरेपर्यंत वाट बघायची नाही, अर्धी झाली की रिकामी. फवारणीचा पंप ताईंच्या पाठीवर नकोच सध्या, १६ लिटर म्हणजे १६ किलो पाणी आणि वर पंपाचं वजन, तेही चिखलात एका पायावरून दुसऱ्या पायावर.

पट्टा: तो कमरेला बांधायचा रुंद पट्टा नव्हे. अरुंद पट्टा, कुल्ह्याच्या पुढच्या टोकदार हाडांच्या जरा खाली, सांध्याला वळसा घालून. फार आवळायचा नाही, बोट जाईल इतका. कामाच्या वेळी लावा, घरी आल्यावर काढा. जत्रेत मिळतो तो रबरी कमरपट्टा पोट बांधून ठेवतो, या सांध्याला त्याचा उपयोग नाही.

सकाळचा_लाकूडफाटा

मी ही चर्चा तीन दिवसांपासून वाचू राह्यलो, लिहू का नको करत होतो. वय २८, बुलढाणा जिल्हा. मले पन हाच सांधा, दोन्ही बाजूनं. २२ व्या वर्षापासून. मले पन सगळ्यांनी कामाचं दुखणं सांगितलं, क्रिकेटचं सांगितलं, एकानं तं लग्न कर म्हणून सांगितलं. पाच वर्षं मी मेडिकलातून दुखायच्या गोळ्या आणून खाल्ल्या.

माह्या दुखण्यात फरक काय होता ते सांगतो, कोनाच्या कामी पडन म्हणून. मी सकाळी लाकडासारखा उठत होतो, तास दीड तास कंबर वाकायची नाही, अन् वावरात जाऊन काम केलं की मोकळी व्हायची. आराम केला की वाढायचं, काम केलं की कमी. पहाटे चारले दुखण्यानंच जाग यायची. शेवटी एका मोठ्या दवाखान्यात सांध्याचा एमआरआय अन् रक्तातली एचएलए-बी२७ नावाची तपासणी केली, निघालं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. हे सुजेचं दुखणं आहे, स्नायूचं नाही, याचे डॉक्टर वेगळे, गोळ्या वेगळ्या. व्यायाम मलेही सांगितला आहे अन् त्याच्यावाचून भागत नाही, पण नुसत्या व्यायामानं माहं झालं नसतं.

वहिनीचं कामानं वाढते, मंग ते हे नसावं. पन चाळिशीच्या आतल्या पोट्ट्यांनो, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या वर चालत असन तं विचारा बाप्पा कोनाले तरी.

फिजिओ_सेलू

लिहिलंत ते फार बरं केलंत भाऊ. त्यालाच जोडून, कंबर दुखताना बारीक ताप, वजन उतरणं, रात्री जास्त ठणकणं असेल तर मणक्याचा टीबी आपल्याकडे विसरायचा नाही. आणि लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसतो ती जागा बधिर झाली, पाय लुळे पडले, तर फिजिओकडे नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात, त्याच दिवशी.

धुऱ्यावरचा

नमस्कार, मी त्यांची घरची बोलते, त्यायचाच मोबाइल आहे. सारं वाचून दाखवलं यायनं मले, दोन रात्री. काही गोष्टी चुकीच्या लिहिल्या त्या सांगतो म्हटलं. ओटीत पाच-सहा किलो नाही, मी आठ भरतो. किलोमागं पैसे आहेत दुसऱ्याच्या वावरात, अर्धी ओटी रिकामी करायले धुऱ्यावर चकरा मारल्या तं दिवसाचे चार-पाच किलो कमी येते, ते कोन देईन? घरच्या वावरात करीन तसं. अन् सुया मी बंद केल्याच नव्हत्या, दिवाळीच्या आधी दोन घेतल्या, यायले माहीत नव्हतं, आता झालं माहीत.

साकोलीच्या ताई, सारवतानाची युक्ती लय भारी. आमच्या घरी टाइल्स आहेत पण पुसतो म्हणून सांगीन.

मॅडम एक विचारायचं होतं. लहान लेकरू कडेवर घेतो मी, उजव्याच बाजूले, डावीकडं त्याले जमत नाही, रडते. गुंड पन उजवीकडंच. त्यानं होत असन का?

फिजिओ_सेलू

ताई, तुम्हीच लिहिलं ते बरं झालं. त्यानंच झालं असं नाही म्हणता येणार, पण एक कुल्हा बाहेर काढून त्यावर तासभर भार ठेवला की त्या सांध्यावर ताण येतो आणि कुल्ह्याचा मोठा स्नायू सैल पडतो. गुंड डोक्यावर चुंबळ ठेवून आणा, नाहीतर दोन छोट्या बादल्या दोन हातात. लेकरू तीन वर्षांचं ना? चालवा त्याला.

किलोच्या वेचणीत ओटी कमी करा हे मी सहज लिहून गेले, ते चुकलंच. निदान भरलेली ओटी रिकामी करायच्या आधी दोन मिनिटं सरळ उभं राहा, वाकल्या वाकल्या झटका देऊन सोडू नका.

धुऱ्यावरचा

तीच बोलते पुन्हा. आज केलं तसं. उभी राहिली तं बाजूची म्हणे काय गं, पाहुणी आली का वावरात. म्हटलं दोर आवळू राह्यली. तिले काही समजलं नाही. पन दुपारून तिचीबी कंबर धरली तं विचारत होती कोणत्या गावच्या मॅडम आहेत म्हणून.

पाय अजून जडच आहे उजवा. कुल्ले माह्या हातानं दाबून पाह्यले झोपताना, तं उचलते.